गार गादी आणि गेणूची झोप

मी गादी आहे. हो हो, गादीच! लोळायची, झोपायची, उन्हात टाकून काठीनं बडवायची. पण मला सरसकट सगळ्या गाद्यांच्या रांगेत बसवू नका हं, आधीच सांगते. मी सावरीच्या कापसाची. आणि माझ्या मालकिणीनं मला ज्या तऱ्हेनं निवडलं ना, ते आठवलं की अजून मला धड घडी घालून बसवत नाही!

वलवणच्या वरच्या डोंगरात एक काटेसावर होती. उन्हाळ्यात तिची बोंडं तडकायची आणि आतला पांढरा कापूस वाऱ्यावर उधळायचा. तो वेचून कुणीतरी लोणावळ्याच्या बाजारात फकरुद्दीन पिंजाऱ्याच्या दुकानी आणून टाकला. फकरुद्दीननं मला काठीनं झोडपलं, बिया झाडून काढल्या. त्याच्या बायकोनं, अमिनानं, मांजरपाटाची खोळ शिवली. "दाबून भरू नका हो," ती नवऱ्याला म्हणाली, "वारा खेळू दे की आत!" म्हणून मी अशी सडपातळ राहिले.

दुकानात माझ्या एका बाजूला साध्या कापसाची एक गुबगुबीत गादी होती. काय तो तिचा तोरा! गिऱ्हाईक आलं की आधी तिलाच दाबायचं, "वा, काय मऊ आहे!" म्हणायचं. दुसऱ्या बाजूला काथ्याची होती, ती सदा ताठलेली. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मला भारी राग यायचा.

बोरघाटात अजून वाफेची इंजिनं धावत होती, त्या वेळची ही गोष्ट. एका टळटळीत दुपारी वलवणची धोंडाबाई दुकानात शिरली. पदरानं घाम पुसत म्हणाली, "फकरुद्दीनभाऊ, गार गादी दाव. लेकाला झोप न्हाई माज्या."

तिचा एकुलता एक लेक गेणू घाटाच्या इंजिनावर फायरमन होता. रात्रभर भट्टीत कोळसा मारायचा आणि सकाळी धगधगलेलं अंग घेऊन घरी यायचा. वरून उन्हाळ्याचे दिवस. दिवसभर नुसता कूस बदलायचा. त्या आठवड्यात चालत्या इंजिनावर त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली होती. ड्रायव्हरनं दंड धरून मागं ओढलं म्हणून वाचला, नाहीतर गेला असता दरीत. साहेबानं ताकीद दिली होती, पुन्हा डुलकी दिसली तर इंजिनावरून कायमचा खाली.

"नोकरी गेली तर जाऊंद्या," धोंडाबाई म्हणाली, "पन माजं पोर घाटात पडलं तर म्या काय करू?"

मग तिनं निवड सुरू केली. दाबणं नाही, चेपणं नाही. बाई सरळ गुबगुबीत गादीवर जाऊन बसली. तशीच बसून फकरुद्दीनशी गप्पा मारल्या. मग चटकन उठली आणि बसल्या जागी तळहात टेकवला. "अगं आई! तव्यावानी तापली की ही!" तोरेवालीचं तोंड बघण्यासारखं झालं.

काथ्याच्या गादीवर बसली, तोच उठली. "ही गार हाय, पन हिच्यावर झोपायचं का अंग खाजवायचं?"

आणि मग ती माझ्याकडे वळली. माझ्याकडे! माझ्या अंगातला कापूसन् कापूस थरारला. ती बसली. मी जीव मुठीत धरला. ती उठली, तळहात ठेवला, पुन्हा ठेवला, मग गालसुद्धा टेकवला. "हीच!" म्हणाली. एवढंच. पण त्या एका शब्दावर मी उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या!

डोक्यावर घेऊन तिनं मला वलवणला नेलं. आळीतल्या बाया गोळा झाल्या. शेजारच्या झुंबरबाईनं हात फिरवून बघितला, कुणी नुसतीच टेकली. मी म्हटलं, येऊ दे आता गेणू, अशी झोपवते की नाव ते!

सकाळी गेणू आला. अंघोळ केली, पण फायरमनचा कोळसा अंघोळीनं थोडाच जातो? मानेत, कानामागं, पाठीच्या पन्हळीत तो राहतोच. धोंडाबाईनं लेकाकडे बघितलं, माझ्या कोऱ्या करकरीत मांजरपाटाकडे बघितलं.

"थांब रं जरा, मळंल ती," म्हणाली. आणि माझ्यावर पसरली काळी घोंगडी! वर एक गोधडी!

अहो, उन्हाळ्यात घोंगडी! मी आत गुदमरले. ओरडून सांगावं तर गादीला तोंड कुठलं? गेणू वर तळमळला, मी खाली. आई मात्र रोज घोंगडी उचलून बघायची आणि खूश व्हायची, "कशी नव्यावानी ऱ्हायलीय!"

आणि एका सकाळी गेणू पडेल चेहऱ्यानं घरी आला. "आये, आज परत डोळा लागत होता. ड्रायव्हरनं झाकून घेतलं. आता न्हाई झाकायचा म्हनला."

धोंडाबाई पेटली. कुणावर? माझ्यावर! "थंड गादी म्हनं! फसवलं मला त्या पिंजाऱ्यानं!" दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं माझी वळकटी बांधली आणि तरातरा दुकान गाठलं.

"फाड ही, भाऊ. कापूस ठेव तुजा तुला."

फकरुद्दीननं मला ओट्यावर उलगडलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "मावशी, हिच्यावर तर कुणी झोपलंच नाही."

"रोज झोपतोय माजा गेणू! मी खोटं बोलतीय व्हय?"

ती ऐकेचना. अखेर त्यानं कात्री उचलली. टाक्यापाशी गार लोखंड लागलं आणि मी हबकले. संपलं, म्हटलं. एकदाही धड कुणाला झोपवलं नाही, आणि संपलं.

तेवढ्यात ड्युटी संपवून बाजारातून घरी निघालेला गेणू आईचा आवाज ऐकून तिथंच आला. इंजिनावरून थेट, अंघोळ नाही, अंगात सदरा नाही, नखशिखांत काळा. "आये, कशापायी भांडती? जरा टेकू दे," म्हणाला, आणि कात्री बाजूला सारून माझ्यावर आडवा झाला. मध्ये घोंगडी नाही, गोधडी नाही. उघडी पाठ आणि मी! त्याचं तापलेलं अंग हळूहळू निवत गेलं आणि बघता बघता पठ्ठ्या घोरायला लागला.

"अरं उठ, मळंल ती!" धोंडाबाई धावली. अमिनानं तिचा हात धरला. "मावशी, घरी हिच्यावर काय घालत होता?"

"घोंगडी," धोंडाबाई म्हणाली. आणि तिचं तिलाच उमगलं. "अगं बया, मीच की गं जागवला माज्या पोराला!"

फकरुद्दीननं पिंजण बंद ठेवली. ओट्यापाशी येणाऱ्या गिऱ्हाइकाला अमिना ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होती. गेणू झोपला, उन्हं कलेपर्यंत झोपला!

जागा होऊन बघतो तर माझ्यावर त्याची अख्खी पाठ उमटलेली. खांदे, कणा, एक पसरलेला हात, सगळं काळंकुट्ट. बिचारा ओशाळला. "आये, मळली गं गादी."

तो झोपला होता तिथं धोंडाबाईनं तळहात टेकवला. "गार हाय," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. मग मला डोक्यावर घेतलं. घरी जाऊन घोंगडी आढ्याला टांगली.

पुढं घाटात विजेची इंजिनं आली. गेणू त्यांच्यावर ड्रायव्हर झाला. आता तो पांढऱ्या सदऱ्यात जातो आणि तसाच परत येतो. मी विरलेय, कडेनं दोन ठिगळं आहेत. धोंडाबाई थकली, आता माझ्यावर तीच पडून असते.

तेव्हा बाबांनो, गादी घ्याल तर धोंडाबाईसारखी घ्या. बसा, उठा, तळहात ठेवा. पण घरी नेलीत की तिला जपत बसू नका, मळू द्या!

परवा सूनबाई नवी खोळ घेऊन आली. "सासूबाई, किती जुना डाग हा! बदलू का?"

म्हातारीनं त्या काळ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माजा गेणू झोपलाय हितं."