म्हसोबानं धरलेली गाडी

गुरुवारी सकाळी कोंडीरामतात्यांची गाडी चक्रनाथ महाराजांच्या मठासमोर बंद पडली आणि रस्त्यावर जमलेल्या दीडशे लोकांनी हात जोडले.

"धरली," एक बाई म्हणाली. "आज परत धरली."

गुरुवार म्हणजे आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे गर्दी तुडुंब होती. त्या महिन्यात अशा पाच-सहा मोठ्या गाड्या मठाच्या झेंड्यापाशी येऊन गप्प झाल्या होत्या. पुढं पन्नास पावलांवर इंद्रायणीचा पूल. झेंडा ते पूल, एवढ्याच पट्ट्यात गाडी बंद पडायची. महाराजांनी अंगारा लावला की चालू व्हायची.

मी गाडीत मागं बसलो होतो. शेजारी तात्यांच्या पत्नी, कुशाबाई वहिनी, उशीला टेकून. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा चिंचवडला डायलिसिस. रिक्षाचे हिसके सोसवेनात म्हणूनच तर तात्यांनी ही उंच, ऐसपैस गाडी घेतली होती. मुलगा गोरक्ष स्टिअरिंगवर, तात्या त्याच्या शेजारी. मी हिंदुराव, मूळचा साताऱ्याकडचा, महाळुंग्यात तात्यांच्या चाळीत एकोणीस वर्षं भाडेकरू. कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. वहिनींना उचलून खुर्चीत ठेवायला दोन माणसं लागतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जायचो.

महाराजांना बोलवावं लागलं नाही, ते तयारच होते. भगवी कफनी, काळा चष्मा, गळ्यात रुद्राक्षांच्या मधोमध एक चकचकीत बेअरिंग. मागं त्यांचा पट्टशिष्य सुजित, एका हातात शंख. या सुजितचं महाळुंगे रस्त्याला गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे.

महाराजांनी बॉनेटवर तळवा ठेवला. डोळे मिटले असावेत. चष्म्यामुळं कळायला मार्ग नव्हता.

"लोखंड कुठून येतं? मातीतून. माती कुणाची? देवाची. ज्याच्या मातीवर कारखाना, त्याचा देव गाडीच्या पोटात. कोंडीराम, तुझ्या बांधावरचा म्हसोबा कुठं आहे?"

तात्यांचा चेहरा उतरला. "हलवला, महाराज. जिमीन कंपनीत गेली तवा. पिंपळाखाली नेऊन ठिवला."

"त्याला विचारून हलवला?"

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. इथल्या प्रत्येक जुन्या घरानं बांधावरचा एखादा दगड हलवलेला आहे आणि प्रत्येकाच्या मनात तो सलतो. महाराजांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

आता ही गाडी तयार झाली तो कारखाना आमच्यापासून हजार किलोमीटर लांब. तात्यांचा म्हसोबा तिथवर कोणत्या बसनं गेला, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. माझ्या जिभेवर आलं होतं. पण एकोणीस वर्षांचा घरमालक, त्याच्या देवाचा विषय, भर रस्ता. मी गिळलं. माणूस मिंधा झाला की त्याची अक्कलही मिंधी होते.

अंगारा फासला, सुजितनं शंख फुंकला, महाराज ओरडले, "सोड." गोरक्षनं चावी फिरवली आणि इंजिन लागलं. जयजयकार झाला.

"आज सोडलं त्यानं," महाराज तात्यांच्या कानाशी वाकले, पण बोलले सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मंगळवारी ही गाडी म्हसोबाला वाहायची. एक्केचाळीस दिवस मठात राहील. आणि तुझ्या बायकोचं रक्त यंत्रातून फिरवणं आजपासून बंद. लोखंडानं लोखंडाला बोलावू नका. अंगारा द्या पाण्यातून."

"अहो महाराज, डॉक्टरांनी सांगितलंय..." गोरक्ष म्हणाला.

"डॉक्टरनं म्हसोबा बघितलाय?"

झालं. आमची गाडी पुलाअलीकडूनच मागं फिरली. त्या गुरुवारी वहिनींचं डायलिसिस झालं नाही. शनिवारीही झालं नाही.

तुम्ही म्हणाल, शिकलीसवरलेली पोरं घरात, आणि हे असं कसं? त्याला कारण गाडीच होती. गाडी जुनी घेतलेली. पहिल्या महिन्यापासून डॅशबोर्डवर पिवळा दिवा, चढावर धाप, मधेच आचके. शोरूमच्या सर्व्हिसला तीनदा नेली. तिन्ही वेळा गुळगुळीत दाढीचा एक पोरगा म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर अपडेट केलंय." तिसऱ्या वेळी आठ दिवस ठेवून घेतली आणि फक्त धुऊन परत दिली. शेवटी कासारवाडीच्या एका फिटरनं तासाभरात एक सेन्सर बदलला, आणि दिवा विझला तो विझलाच. खऱ्या रोगाला खरं औषध मिळालं होतं. पण तोवर घरातल्या सगळ्यांचा त्या गाडीवरचा विश्वास उडाला होता. मग गोरक्षनं सुजितच्या दुकानात सीट कव्हर घालून घेतली, अलार्म बसवून घेतला, आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडी मठापाशी बंद पडायला लागली. "पहिल्यापासनंच करणी हाय तिच्यात," तात्या म्हणाले. खऱ्या बिघाडांनी जीव आंबलेल्या माणसाला खोटा बिघाड ओळखू येत नाही.

घरात एकटी सून भांडत होती. तनुजा. वायरिंग हार्नेसच्या कंपनीत सहा वर्षं लाइनवर आहे. गाडीतल्या शेकडो वायरी एकत्र बांधून जो जुडगा होतो, तो बनवायचं तिचं काम.

सोमवारी पहिली शिफ्ट करून ती आली. वहिनींचे पाय सुजून पितळी तांब्यासारखे तकाकत होते, आडवं झालं की श्वास कोंडत होता. तनुजानं सेंटरच्या सिस्टरला फोन लावला. सिस्टर कडाडली, "उद्या दहाच्या आत आणा. त्याआधी जास्त धाप लागली तर तसंच उचलून आणा. याच्यापुढं माझ्या हातात काही नाही."

पण वहिनीच उठायला तयार नव्हत्या. "माज्यापायी देव कोपलाय पोरी. आता त्याला आनि नगं डिवचू."

तनुजा तणतणत अंगणात आली. "काका, बॅटरी धरा." आणि ती गाडीत शिरून डॅशबोर्डखाली उताणी झाली. मी मोबाइलचा उजेड धरला.

"काय शोधतेस?"

"गाडी सगळीकडं चालते आणि एकाच जागी बंद पडते. असा फॉल्ट असतो का, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? पंचवीस वर्षं फॉल्ट शोधायचा पगार घेतो मी, आणि हा प्रश्न तिनं विचारला.

पाचेक मिनिटांनी ती थांबली. "हे आमच्यातलं काम नाही."

"म्हणजे?"

"आत आम्ही कापडी टेप मारतो, वायरी वाजू नयेत म्हणून. ही बघा, चकाकणारी प्लास्टिकची टेप. आणि हा जोड हातानं पिळलाय. माझ्या लाइनवर असा जोड निघाला तर सुपरवायझर लाइन थांबवेल."

तिनं टेप उकलली. आत काडेपेटीएवढी काळी डबी, तिच्यात मोबाइलचं सिमकार्ड, आणि डबीला जोडलेला एक रिले. रिले म्हणजे वायरीतला दरवाजा. डबीला मोबाइलवरून निरोप आला की दरवाजा बंद, डिझेलच्या पंपाची वीज बंद, इंजिन गप्प. दुसरा निरोप आला की दरवाजा उघडा. चोरीला गेलेली गाडी थांबवायला अशी डबी बसवतात लोक. इथं ती गाडीच्या मालकालाच ठाऊक नव्हती.

तनुजानं ती तात्यांना दाखवली. तात्यांनी लांबूनच बघितली. "अलार्म हाय त्यो. सुजितनं बसवलाय. उगं देवाच्या कामात खोडा घालू नगं."

मी संतापलो. म्हणालो, आत्ताच्या आत्ता उपटून टाकतो. तनुजानं हात धरला. "उपटली तर महाराज म्हणतील, म्हसोबा शांत झाला. मग अंगाऱ्याचाच गुण ठरेल आणि आत्याबाईंना डायलिसिसला कुणीच नेऊ देणार नाही. ज्यानं निरोप धाडला त्याच्याच तोंडून निघायला पाहिजे."

तिनं फक्त सिमकार्ड काढलं आणि माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं. डबी होती तशी परत बांधून टाकली. मग सासऱ्याला म्हणाली, "मामा, उद्या गाडी वाहायची ना? आत्याबाईंनाही दर्शनाला नेऊ." तात्यांना बरं वाटलं.

मंगळवारी तनुजानं आणि मी रजा टाकली, नऊला निघालो. वहिनींना नीट बोलताही येत नव्हतं, दर चार शब्दांनी दम घ्यावा लागे. झेंडा दिसला तसा गोरक्षनं सवयीनं वेग कमी केला, गाडी आता बंद पडणार म्हणून. माझ्या हातातला फोन थरथरला. एकच शब्द आला होता: स्टॉप.

गाडी चालतच राहिली. झेंडा मागं गेला. पुन्हा फोन थरथरला. स्टॉप.

गर्दी आडवी आली म्हणून गोरक्षनं ब्रेक मारला, इंजिन चालूच. महाराज लगबगीनं आले, बॉनेटवर हात ठेवला. "म्हसोबा, धर."

इंजिन घुरघुरत होतं.

"धर म्हणतो ना."

तिसरा निरोप आला. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. महाराज पक्के. क्षणात सूर बदलला, "बघा, अंगाऱ्याचा गुण. म्हसोबा शांत झाला. घ्या गाडी मठात."

तनुजा माझ्या हातातला फोन घेऊन खाली उतरली, तिच्यामागं तात्या आणि मीही. "कुठला शांत, महाराज? झेंड्यापासून इथवर तीन निरोप आलेत त्याचे. मामा, तुम्हीच वाचा."

तात्यांनी डोळे बारीक करून वाचलं. "स्टॉप... स्टॉप... स्टॉप. कुनाचं हाय हे?"

"विचारू की," म्हणून तिनं त्याच नंबरला उलटा फोन लावला.

महाराजांच्या मागं सुजितच्या खिशात आरती वाजायला लागली. त्यानं खिशावर हात दाबला. आरती काही थांबेना.

"उचल की भावा," तनुजा म्हणाली. "म्हसोबाचा फोन आहे."

गर्दीत कंपन्यांना जेवणाचे डबे पुरवणाऱ्या यशोदाबाई होत्या. त्यांचीही गाडी दोनदा 'धरली' होती. दणकट बाई. त्यांनी सुजितच्या खिशात हात घालून फोन ओढून काढला आणि पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, "कोंडीराम महाळुंगे गाडी."

तात्या सुजितकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सीट कव्हर घालताना तुज्या दुकानात च्या पेलो मी. म्हसोबा हलवल्याचं तुलाच सांगितलं व्हतं रं. दुसऱ्या कुनालाच न्हाई."

सुजित खाली बघायला लागला.

गाडीतून वहिनींचा आवाज आला, घोगरा, तुटक. "आवं... मला... न्या आता."

तात्या धावले. तनुजाला आत ढकललं, स्वतः बसून दार लावून घेतलं. "गोरक्ष, चिंचवड. कुटं थांबू नगं." आणि गाडी पूल ओलांडून गेली.

मी मागं राहिलो. यशोदाबाईंनी सुजितच्या फोनमध्ये आपल्या गाडीचं नाव शोधलं, रस्त्याकडेला उभी असलेली ती गाडी चालू केली आणि स्वतःच्या बोटानं निरोप धाडला. गाडी बंद. दुसरा धाडला, चावी फिरवली. चालू. त्यांनी ते तीनदा करून दाखवलं, शंख नाही, अंगारा नाही. मग डॅशबोर्डखालची डबी सगळ्यांना दाखवली. "माझी सत्तर माणसांची डाळ असते ह्या गाडीत," त्या म्हणाल्या, "आणि मागनं कंटेनर येत असतो. भर वेगात बंद पडली असती तर?" महाराज ध्यानाला बसायचंय म्हणून आत गेले ते पोलिसांनीच बाहेर काढले. एक्केचाळीस दिवस मठात 'राहिलेल्या' दोन गाड्या भाड्यानं फिरत होत्या, हे त्यानंतर कळलं.

वहिनी वाचल्या. छातीत पाणी भरलं होतं, तीन दिवस आयसीयूत काढले. हृदयावर ताण आलाय, तो पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पूर्वी त्या अंगणात तुळशीपर्यंत चालत जायच्या. आता पलंगावरून उठल्या तरी दम लागतो.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेलो. तात्या पलंगाच्या पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होते. मी चक्रनाथाला, सुजितला, शोरूमवाल्यांना, सगळ्यांना तोंडभर शिव्या दिल्या. वहिनींनी ऐकून घेतलं.

"हिंदुराव," त्या म्हणाल्या, "त्या गुरुवारी मी तुमच्याकडं बगत व्हते. तुमाला पटत नव्हतं, तोंडावर दिसत व्हतं. मंग बोलला का न्हाई?"

मी तसाच खोलीवर आलो आणि वही उघडली.

त्या प्रश्नापायीच हे लिहितोय. देवाला गाडी थांबवायची असती तर त्याला सिमकार्ड लागलं नसतं, आणि आजारी बाईचं औषध तोडा असं कुठलाच देव सांगत नाही. चमत्कार दिसला की तो कुठल्या जागी होतो, कुणाच्या हातून होतो आणि त्यात कुणाचं भलं होतं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि शंका आली तर तिथंच, सगळ्यांसमोर बोला. फार तर लोक रागावतील, घरमालक खोली सोडायला सांगेल. मला दुसरी खोली मिळाली असती. वहिनींना डायलिसिसचे ते चुकलेले दोन दिवस परत मिळणार नाहीत.