पंधरा अक्षरांचा शब्द

वाहनतळाच्या फाटकाशी काचेची केबिन होती. धाकटी दिवसभर तिथे बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायची. नंबरातली, राज्याची सोडून, तीन इंग्रजी अक्षरं दिसली, की पाठीमागून ताईचा आवाज यायचा. ताईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

खेळ ताईनेच काढलेला. समोरच्या गाडीवरची अक्षरं घ्यायची आणि ती त्याच क्रमाने येतील असा लांबलचक इंग्रजी शब्द शोधायचा. धाकटीने बारा अक्षरांचा काढला, की ताई चौदांचा काढणार, हे ठरलेलं. तिचा त्यात हातखंडा होता.

त्या दिवशी गाडी ताई चालवत होती. वळणावर धाकटी ओरडली, "ती बघ! एन, एस, क्यू!"

ताईने मान वळवली. "सोप्पंय गं! इन्कॉन्—"

पुढचं ट्रकने ऐकू दिलं नाही.

धाकटीचं हात मोडण्यावर निभावलं. घरी तिने सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्या कुत्र्याला तिने रंगही दिला, तांबडा. भावोजी अजून रस्त्यात तांबडं कुत्रं दिसलं की तोंड फिरवायचे.

केबिनमधल्या आवाजाला ती सरावली होती. तो जुनेच, खेळून झालेले शब्द सांगायचा. पण सोमवारी भर दुपारी फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली. एन, एस, क्यू. धाकटीचं पेन थबकलं. मानेजवळ कुणी श्वास सोडावा तसा आवाज आला, आणि या वेळी तो अडला नाही.

"इन्कॉन्सिक्वेन्शियल."

हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. घरी येऊन तिने डिक्शनरी उघडली. शब्द होता. बोटांवर अक्षरं मोजली, पंधरा भरली. अर्थ दिला होता: क्षुल्लक, ज्याचं काही वाटून घेऊ नये असं.

तिने अर्थ पुन्हा वाचला. ताई समजूत घालतेय, की टोमणा मारतेय?

ती तडक स्वयंपाकघरात गेली. आई भांडी पुसत होती.

"आई, कुत्रं आलंच नव्हतं गं." मग अक्षरांचंही सांगितलं.

आईने वाटी खाली ठेवली. "माहितीये. हॉस्पिटलात तापात बरळायचीस तू."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते. दोन वर्षं लावलीस."

"रागावलीयेस?"

"हो." आईचे डोळे भरले. "तू पण माझीच आहेस. तरी नाही गं जमत अजून."

आईने हात पुसले, चपला पायांत सरकवल्या.

"चल. जावईबापूंना सांगायला हवं."

भावोजींचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर आई थबकली आणि तिने मागे वळून पाहिलं.

"तुलाही ऐकू आलं?" धाकटीने विचारलं.

आईने वर जाऊन बेल वाजवली.

धाकटीने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगून टाकलं. भावोजी कडी घट्ट धरून ऐकत राहिले. शेवटी बाजूला सरले. "आत या," एवढंच म्हणाले.

दोघी आत आल्या, तरी मागून आणखी कुणी यायचं असल्यासारखं भावोजींनी जरा वेळ दार लावलं नाही.