पॉप्लरची रांग

सिबिलने सासूच्या हनुवटीखाली चामडी टोपीचा पट्टा बांधला आणि घट्ट होत नाही ना, असं विचारलं. लग्नातला कॉर्सेट यापेक्षा घट्ट होता, असं म्हणत थोरल्या लेडी विनिफ्रेड स्कर्ट सावरून विमानाच्या पुढच्या बैठकीत शिरल्या.

सिबिल सून म्हणून आली आणि कॉम्बली इस्टेटीवरच्या मेंढ्यांच्या कुरणाची धावपट्टी झाली. तिचा नवरा ह्युबर्ट, म्हणजे धाकटा लॉर्ड, तिच्या शब्दाबाहेर नव्हता. अडचण एकच होती: कुरणाच्या टोकाला उभी असलेली उंच पॉप्लरची रांग. झाडं सासूबाईंच्या जमिनीत होती आणि ती तोडायचं नाव काढलं की त्या चहाचा कप ठेवून खोलीतून निघून जात. वडिलांची आठवण असणार, असं ह्युबर्ट म्हणे. पण गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्याच्या विमानाचं चाक शेंड्याला अडकून मोडलं, तेव्हा सिबिल काकुळतीला आली. मग एकदा वरून दाखव मला, एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या.

विमान वर चढलं. सिबिलला मागून फक्त टोपी दिसत होती. आधी ती ताठ होती, मग डावीकडे वळली, मग उजवीकडे. बोलायच्या नळीतून हसू ऐकू आलं. सासूबाईंचं हसणं सिबिलने आजवर ऐकलं नव्हतं. तळं, चर्च, पाद्रीबुवांच्या परसात वाळत घातलेल्या लांब विजारी, सगळं त्या ओळखून मोठ्याने सांगत होत्या. आणखी एक फेरी मार, त्यांनी फर्मावलं. सिबिलने दोन मारल्या.

उतरताना पॉप्लरचे शेंडे चाकांना चाटून गेले. विमान थांबलं तरी सासूबाई बसूनच राहिल्या. गाल लालबुंद झाले होते.

"तोडून टाका ती," त्या म्हणाल्या.

"पण आई, बाबांनी लावलेली झाडं..."

"त्यांनी? त्यांना गुलाब आणि मुळा यातला फरक कळत नव्हता. मी लावली. नवी नवरी होते तेव्हा. पलीकडच्या लहान घरात माझी सासू राहायची. दिवसभर खिडकीत बसून हवेलीवर नजर ठेवायची."

सिबिलने त्या घराकडे पाहिलं. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथेच राहत होत्या.

"मग मीच तिथे राहायला गेले," सासूबाई टोपीचा पट्टा सोडत म्हणाल्या. "आणि मला काही दिसेना. तोडा म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?"

सिबिल हसू दाबायला गेली आणि तिला ते जमलं नाही. मग दोघीही हसल्या.

झाडं पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिबिल खोलीच्या खिडकीशी आली. कुरणापलीकडे, लहान घराच्या खिडकीत सासूबाई दुर्बीण लावून बसल्या होत्या. पडद्यावरचा तिचा हात क्षणभर थबकला. मग तिने पडदा पुरता बाजूला सारला आणि आभाळाकडे बोट दाखवलं.

दुर्बीण खाली झाली. थोड्याच वेळात लहान घराचं दार उघडलं.