साधी दुखापत

मनोहररावांनी शामलाचा दंड धरून तिला ढकललं तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि वॉर्डात अकरा माणसं जागी होती. धंतोलीतल्या त्या खासगी दवाखान्यात शामला भोयर चौदा वर्षांपासून आया होती आणि मनोहरराव तिथले व्यवस्थापक. निमित्त काय, तर भिवापूरहून आलेल्या बायजाबाई. त्यांच्या सुनेचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. भेटीची वेळ टळून गेली तरी सून सासूचा हात सोडेना.

"बसू द्या न साहेब जरा वेळ. पोरगी भेऊन राहिली," एवढंच शामला म्हणाली.

आयेनं वॉर्डात सगळ्यांसमोर तोंड उघडावं हे मनोहररावांना सोसलं नाही. शामला आधी ट्रॉलीवर आदळली, मग फरशीवर. डावं कोपर सोलून निघालं, पाठीवर ट्रॉलीच्या लोखंडी कडेचा हा जाड वळ उठला. वर मनोहरराव म्हणाले, "नाटकं बंद कर. ऊठ!"

उठली ती तडक सरकारी दवाखान्यात गेली आणि तिथून ठाण्यात. डॉक्टरनं जखमा पट्टीनं मोजून इंग्रजीत लिहून दिल्या होत्या. हवालदारानं कागद खालीवर पाहिला.

"बाई, सगळं सिम्पल आहे यात. ॲब्रेशन, म्हणजे खरचटणं, सिम्पल. कंट्यूजन, म्हणजे मुका मार, तोही सिम्पल. यावर एनसीच होते, अदखलपात्र नोंद. कोर्टानं सांगितल्याशिवाय आम्ही तपास करू शकत नाही."

"सिम्पल म्हंजे?"

"साधी. किरकोळ."

"मले पाठ टेकता येऊन नाही राहिली, अन् किरकोळ?"

"कायद्यात तसंच आहे. हाडबीड मोडलं असतं तर ग्रीव्हस झाली असती. म्हणजे गंभीर."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वॉचमननं तिला फाटकातूनच परत पाठवलं. चौदा वर्षांची नोकरी गेली, आणि कुणी तसं तोंडानं सांगायचे कष्टही घेतले नाहीत. शामलानं मग जे घडलं ते लपवलं नाही. आजूबाजूच्या दवाखान्यांतल्या ओळखीच्या आयांना, चहाच्या टपरीवर, जो विचारेल त्याला तिनं सांगितलं.

नवव्या दिवशी जरीपटक्यातल्या तिच्या खोलीवर मनोहररावांच्या वकिलाची नोटीस आली. चांगली तीन पानांची, इंग्रजीत. तिची मुलगी मयुरा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती. मोबाईलमध्ये अर्थ शोधत शोधत ती वाचू लागली.

"तू म्हणे त्यांच्या नावाले काळिमा फासला. पुढं आहे, रेप्युटेशन ब्रूज्ड. म्हणजे त्यांच्या नावाले मुका मार लागला."

"मुका मार त मले लागला होता न वं?"

मयुरा पुढच्या ओळीवर थांबली. "आई, इथं लिहिलंय, ग्रीव्हस इंज्युरी. कधीच भरून न येणारी."

"कोणाले?"

"त्यांच्या प्रतिष्ठेले."

शामला सहसा चिडत नसे. आयेला चिडून चालतच नाही, लोकांची घाण काढताना कपाळाला आठी घालून कसं भागेल? पण त्या संध्याकाळी तिच्या कानशिलात रक्त ठणठण करू लागलं. तिचं रक्त सांडलं ते साधं, आणि ज्यानं सांडलं त्याच्या नावाला झालेली जखम गंभीर! ती जेवली नाही. भाकरीचं पीठ तसंच परातीत राहिलं.

पंधरा दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर कोर्टात खेचू, असं नोटिशीत होतं. नोटीस आल्याच्या चौथ्या दिवशी, येते असा निरोप धाडून, शामला मयुराला घेऊन मनोहररावांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. वकीलही आले होते. माफीनामा टाईप होऊन तयार होता, तोही इंग्रजीतच.

"इथं सही करा, विषय संपला," वकील म्हणाले.

"एक विचारू? माह्या कोपराची जखम तीन बाय दोन सेंटिमीटर लिहिली हाय. साहेबांच्या इज्जतीची किती भरली?"

वकील हसले. "बाई, इज्जत काय पट्टीनं मोजतात?"

"मंग ग्रीव्हस कोणत्या डॉक्टरनं ठरवली?"

"शामला, मर्यादेत राहून बोल," मनोहरराव उसळले. "नाव कमवायला तीस वर्षं लागली आहेत मला."

"अन् मले नाव नाही? चौदा वर्षांत एका पेशंटनं बोट नाही दाखवलं माह्याकडं. भरल्या वॉर्डात मले नाटकी म्हटलं तुम्ही. माह्या इज्जतीसाठी इंग्रजीत शब्दच नाही काहून? का तो बी तुमच्याकडंच ठेवला?"

वकिलांचं हसू मावळलं. मनोहरराव खुर्चीतून अर्धे उठले. शामला जागची हलली नाही.

"या. आज बी ढकला," ती म्हणाली. "आज माही लेक पाहून राहिली."

ते पुन्हा खाली बसले. शामलानं माफीनामा घडी घालून पिशवीत टाकला आणि सही न करताच ती बाहेर पडली.

कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो हे मयुरानं शोधून काढलं. पोलिसांनी तपास करावा असा अर्ज तयार झाला, पण साक्षीला कुणी मिळेना. त्या दुपारी वॉर्डातच असलेली प्रमोदिनी सिस्टर म्हणाली, मी तेव्हा खाली होते. चौदा वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या होत्या. शामला तिथून निघाली आणि भिवापूरच्या एसटीत बसली.

बायजाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. शामलाला पाहताच त्यांनी हात पदराला पुसले.

"माह्यापायी मार खाल्ला तुमी. मले रोज वाटे, जाव अन् सांगाव कोणाले तरी. पण कोणाले सांगाव?"

"कोर्टाले सांगता?"

"चाला. सुनेले बी घेते. तिनं त माह्याहून जवळून पाह्यलं."

दोघींची प्रतिज्ञापत्रं अर्जाला जोडली गेली. दीड महिन्यानं तपासाचा हुकूम निघाला. मनोहररावांचा दावा मात्र कोर्टात आलाच नाही. त्यांची खुर्ची शाबूत राहिली, पण ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा त्यांनाही बाहेरच्या बाकावर दोन तास बसावं लागलं.

जबाब घ्यायला एक तरुण फौजदारीण शामलाच्या खोलीवर आली. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं, "फिर्यादीस किरकोळ मार लागला."

"खोडा ते."

"अहो काकू, तशीच पद्धत असते लिहायची."

"पद्धत तुमची. जबाब माहा हाय न?" शामलाचा आवाज चढला. शेजारची दारं उघडली. "लिहा. मले हात धरून ढकललं. कोपर सोलून निघालं. आठ रात्री मी पालथी झोपली. जसं सांगून राहिली तसं लिहा, अन् माह्या मराठीत लिहा."

 फौजदारिणीनं नवा कागद घेतला.