सुभेदारासाठी अळ्या

सुभेदाराने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं.

सुभेदार म्हणजे मासा. निळा, झुपकेदार शेपटीचा, दुकानात ज्याला फायटर म्हणतात तो. अश्लेषाने बारावीच्या सुट्टीत तो कराडहून आणला आणि सांगलीला होस्टेलवर जाताना काचेच्या बरणीसकट बापाच्या हवाली केला. सोबत फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावरची ठळक ओळ अशी: पाणी एकदम सगळं बदलायचं नाही.

बाप म्हणजे गंगाधर हा आरोग्य सेवक होता. सव्वीस वर्षं तो गावोगाव फिरून लोकांची बॅरलं, रांजण आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत होता. डासाची अळी दिसली की भांडं ओतायचं, ओतता येत नसेल तर औषध टाकायचं, भिंतीवर खडूने तारीख लिहायची. मंगळवार हा कोरडा दिवस. त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवायची. दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करावं, अशा मताचा तो होता. अशी माणसं खात्यात कमी असतात, आणि एखादी असली की तिच्या घरच्यांना तीही जास्त वाटते.

या मंगळवारी सवयीने हात बरणीवरही गेला. सुभेदाराला तांब्यात काढलं, बरणी घासली, कडकडीत वाळवली, नळाचं पाणी भरलं. पाण्याला क्लोरीनचा चांगला उग्र वास येत होता. तो वास आला म्हणून गंगाधरला समाधानच वाटलं होतं.

बुधवारपासून सुभेदार तळाशी एका कुशीवर टेकून राहिला. दाणे फुगून पाण्यावर तरंगत राहिले.

"तिला सांगितलंत का?" शुक्रवारी सकाळी शरयूने, म्हणजे बायकोने, विचारलं.

"काय सांगायचं?"

"की तुम्ही त्याचा कोरडा दिवस पाळलात."

रोज संध्याकाळी सातला अश्लेषाचा व्हिडिओ कॉल येई, आणि तो सुभेदारासाठी असे. बुधवारी गंगाधरने 'झोपलाय' सांगितलं. गुरुवारी 'रेंज नाही' सांगितलं. आज शुक्रवार. उद्या दुपारी ती स्वतःच येणार होती.

त्याने कराडच्या दुकानदाराला फोन लावला.

"दाणं खात नसंल तर जिवंत सोडा कायतरी," दुकानदार म्हणाला. "समोर वळवळलं की त्याचं डोकं फिरतंय. न खाऊन जातंय कुठं?"

"जिवंत म्हणजे काय?"

"डासाच्या अळ्या की. घरोघरी असत्यात."

गंगाधरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"स्वच्छ पाण्यातल्या घ्या, गटारातल्या नकोत. औषध टाकलेल्या पाण्यातल्या तर अजिबात नकोत. आणि एका टायमाला चारच. जास्त झाल्या तर पोट फुगून जातोय."

"आणि नाहीच खाल्ल्या तर?"

"उद्यापतुर दम धरला तर बघायचं."

आता अडचण अशी होती की सोमवारीच गंगाधरने नदीपलीकडच्या वाडीत घरटी औषध टाकलं होतं. स्वतःच्या गावात मागच्या आठवड्यात. जिथे त्याचं काम नीट झालं होतं तिथे अळी मिळणार नव्हती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपलं काम फसलेलं घर हवं होतं.

त्याने चहाची गाळणी, बॅटरी आणि रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली घेतली आणि स्कूटरवरून वाडी गाठली. शुक्रवारी तो कधी येत नसे. म्हणूनच तो वेशीजवळ दिसताच बातमी त्याच्या पुढे पळाली. पहिल्याच गल्लीत धबाधब पाणी ओतल्याचे आवाज येऊ लागले. दोन्ही बाजूंनी अंगणातून ओहोळ निघाले आणि रस्त्यात एक झाले.

"ओतू नका!" गंगाधर ओरडला.

हे वाक्य त्याच्या तोंडून त्या वाडीने कधी ऐकलं नव्हतं. लोकांनी ओतण्याचा वेग वाढवला.

आकाराम हा निवृत्त हवालदार. तो उपड्या बॅरलशेजारी सावधान उभा होता.

"चेक करा, सायेब. एकदम ड्राय."

"आत्ता ओतलंत?"

"न्हाई. सकाळचंच हाय." ओतलेलं पाणी गंगाधरच्या बुटात शिरत होतं.

त्याने खाली बघितलं. चिखलात दहा-बारा अळ्या तडफडत होत्या. म्हणजे सोमवारचं औषध सोमवारीच ओतलं गेलं होतं. एरवी त्याने यावर अर्धा तास घेतला असता. आज तो गुडघ्यावर बसला आणि गाळणीने अळ्या गोळा करू लागला. गाळणीत नुसती माती आली.

आकारामचा चेहरा उतरला. "नमुना घेताय व्हय? लॅबला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, ह्या आमच्यातल्या न्हाईत. शेजारनं वाहून आल्यात."

अकरा वाजेपर्यंत गंगाधर तेवीस घरं फिरला. तेवीस घरं कोरडी. वाडीत इतकं यशस्वी सर्वेक्षण कधी झालं नव्हतं.

शरयूचा फोन आला. "कुशीवरून उताणा व्हायला लागलाय. मी बोट दाखवलं की परत सरळ होतो. किती वेळ दाखवू?"

"दाखवत राहा."

शेवटचं घर राहीबाईचं, उसाच्या कडेला, एकटं. तिथे पाणी ओतल्याचा आवाज आला नव्हता. राहीबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. आत पाळणा कुरकुरत होता. सुनेला दोन महिन्यांचं बाळ होतं.

"आमच्यात डास न्हाईत," ती मान वर न करता म्हणाली.

"राहीबाई, आज मी तपासायला आलो नाही."

"मग काय बारशाला आलाय? ते झालं."

गंगाधरने सगळं सांगितलं. मासा, मंगळवार, कागदावरची ओळ, मुलीला दोनदा मारलेली थाप. आरोग्य खात्याचं ओळखपत्र गळ्यात असताना हे सांगणं सोपं नव्हतं, म्हणून त्याने ते आधी काढून खिशात घातलं.

राहीबाईने हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजे तुमालाच पायजेत?"

"चार. असतील तर आठ."

"आणि नोटीस?"

"नाही."

"नातवाची शपथ घ्या."

"मला नातू नाही."

"मग त्या माशाची घ्या."

त्याने घेतली. ती उठली, चालताना हसू दाबत होती. घराच्या मागे, पाळण्याच्या भिंतीला लागूनच, शेणकुटाची रास होती. तिने वरच्या चार ओळी काढल्या. आत गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, पत्र्याने अर्धवट झाकलेली.

"तीन वरसं झाली. तुमाला कवा गावली न्हाई," ती म्हणाली. त्यात अभिमान होता. "आता पोराच्या लंगोट्या धुवाय लागतंय पाणी. तुमच्या औषधाच्या पाण्यात धुतल्या तर अंगावर पुरळ येतंय."

गंगाधरने बॅटरी मारली. डोण जिवंत होती. शेकडो अळ्या डोकं खाली करून लोंबकळत होत्या, उजेड पडताच सगळ्या एकदम आत पळाल्या. इतक्या अळ्या त्याने प्रशिक्षणातल्या चित्रातही बघितल्या नव्हत्या. क्षणभर त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला लगेच भीती वाटली. कडेला स्वल्पविरामासारखे वाकडे कोष तरंगत होते. कोष म्हणजे आणखी एक-दोन दिवस. मग पंख. पलीकडच्या बाजूला, एका विटेच्या अंतरावर, पाळणा.

त्याने गाळणी बुडवली. बाटलीत घातल्या. मोजल्या नाहीत.

"आता झाका," राहीबाई म्हणाली. "उद्या परत या. रोज लागत्यात न्हवं त्याला?"

रोज लागणार होत्या. आठवडाभर तरी. या मुलखात दुसरीकडे कुठे एक अळी शिल्लक नव्हती, त्याची खात्री त्याने आज सकाळी तेवीस घरं फिरून करून घेतली होती. डोण झाकून ठेवली तर सुभेदार जगण्याची शक्यता होती. आत बाळाला शिंक आली.

गंगाधरने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली लांब नेऊन ठेवली आणि डोणीच्या बुडाशी असलेला चिंध्यांचा बोळा उपसला.

"आवं! आवं काय करताय!" राहीबाईने त्याचा दंड धरला. "शपथ घेतलीया न्हवं?"

"नोटिशीची घेतली. नोटीस देत नाही."

"पाणी आता रविवारी येणार! लंगोट्या काय तुमच्या कचेरीत धुऊ?"

डोण रिकामी व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ती बोलत होती, आणि त्यातलं काहीही इथे लिहिण्यासारखं नाही. मग गंगाधरने दोन कळश्या उचलल्या. वाडीच्या दुसऱ्या टोकाच्या आकारामच्या बोअरपासून राहीबाईच्या दारापर्यंत सात खेपा झाल्या. आकारामने विचारलं, हा कुठला नवा सर्वे? गंगाधर म्हणाला, वरून आदेश आहे. खेपांत दुपार गेली. शरयूचे चार फोन आले, हात मोकळे नसल्याने एकही घेता आला नाही.

तो घरी पोचला तेव्हा साडेसहा वाजले होते. शरयू बरणीपुढे बोट धरून बसली होती. "मघाशी बोट दाखवूनही सरळ झाला नाही," ती म्हणाली. "आत्ता झालाय."

बाटलीतल्या अळ्या दोनदा चांगल्या पाण्यातून काढल्या. एक चमच्याने सोडली. ती वळवळत खाली गेली, सुभेदाराच्या तोंडासमोरून गेली, परत वर आली. सुभेदाराने डोळाही हलवला नाही. दुसरी सोडली. तीही त्याच्या अंगावरून फिरून गेली.

बाटलीत आता पाच कोष झाले होते. ते त्याने मुकाट्याने फडक्यात गाळून चुलीत टाकले.

सातला फोन वाजला. शरयूने नवऱ्याकडे बघितलं. त्याने फोन घेतला.

"बाबा, आज तरी दाखवा. रेंज आहे ना?"

"अश्लेषा, आधी ऐक. मंगळवारी मी त्याचं सगळं पाणी बदललं. बरणी घासून वाळवून. नळाचं पाणी भरलं. तेव्हापासून त्याने खाल्लं नाही. तो झोपला नव्हता, आणि रेंजही होती."

पलीकडे मेसमधल्या ताटांचे आवाज येत होते.

"कागद होता फ्रिजवर," ती म्हणाली.

"होता."

"काय घातलंय आता?"

"अळ्या. डासाच्या."

"तुम्ही?"

"मी."

"फोन बरणीला टेकवा. आणि मागे सरा. तुमची सावली पडते त्याच्यावर."

ते दोघं मागे सरले. एक अळी काचेजवळ येऊन उलटी लटकली. सुभेदाराचा गालफडाजवळचा पर हलला. मग काहीच झालं नाही. मग शेपटी एकदा आखडली, आणि अळी होती तिथे नव्हती.

"थुंकली!" शरयू म्हणाली.

"थांब ना आई."

थुंकलेली अळी अजून जिवंत होती, म्हणून वळवळली. सुभेदाराने ती पुन्हा घेतली. या वेळी जबडा दोनदा हलला. तो दुसरीकडे वळला, पण तिच्यापर्यंत पोचण्याआधीच दमून अर्ध्यावर थांबला आणि तिथेच, सरळ, तरंगत राहिला.

"एक खाल्ली," गंगाधर म्हणाला.

"कळलं," अश्लेषा म्हणाली. "दुसरी आत राहू द्या. दिवा घालवू नका. मी दुपारच्याऐवजी सकाळच्या पहिल्या एसटीने निघते." आणि जरा थांबून, "उद्यासाठी आहेत का शिल्लक?"

गंगाधरने बाटली दिव्यासमोर धरली आणि मोजायला लागला.