धरलेली जागा

केजच्या बाजारात किराणा दुकान चालवणारे शिवलिंगप्पा जन्मात कधी रेल्वेत बसले नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता.

लग्न ठरलं तेव्हा घाटनांदूरच्या होणाऱ्या मेहुण्यानं चारचौघांत विचारलं होतं, "पाव्हण्यांनी आगगाडी बघितली तरी हाय का?" घाटनांदूरला स्टेशन होतं, केजला नव्हतं. मुद्दा बिनतोड होता. शिवलिंगप्पा तेव्हा कोवळे आणि तापट. "बीडला रेल्वे येईल तवाच बसंन," ते म्हणाले, "अन् तुमच्या बहिणीला खिडकीत बसवीन. दोन-तीन सालाचा तर प्रश्न हाय."

दोन-तीन सालांत त्यांना मुलगी झाली. मग मुलगा झाला, मुलांची लग्नं झाली, थोरला नातू इंजिनियर होऊन पुण्याला गेला, तोही बसनं. रेल्वे मात्र दर निवडणुकीला निघायची आणि निकाल लागला की थांबायची.

रेल्वेसाठी झगडणाऱ्या समितीत शिवलिंगप्पा पहिल्यापासून होते. एकदा समितीनं रेल रोको जाहीर केला. अडवायला रेल्वेच नाही, ही अडचण जरा उशिरा लक्षात आली. मग रस्ता अडवला. त्यात सापडली एक एसटी, आणि एसटीत माहेरी निघालेली त्यांची बायको शिवकांता.

तिनं खिडकीतून विचारलं, "अवो, हे कावून?"

"तुझ्याचसाठी," शिवलिंगप्पा डांबरावर मांडी घालून म्हणाले.

ती उन्हात बसून राहिली. भांडली नाही. फक्त मधेच आपली पाण्याची बाटली खिडकीतून त्यांच्याकडे दिली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पेपरातून जगभरच्या रेल्वेच्या बातम्या मोठ्यानं वाचत. ऐकायला शिवकांता, आणि समोरच काळीपिवळी जीप लावणारा जलालुद्दीन, त्यांचा शाळेपासूनचा दोस्त.

"जपानात म्हणं रेल्वे रुळाला टेकतच न्हाई. हवेत चालती."

"मग आपली काय येगळी हाय बे?" जलालुद्दीन म्हणायचा. "आपली बी इतकी वर्सं हवेतच हाय."

"अन् हे ऐक. गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीनं माफी मागितली."

"आपल्याकडं नुसती सुटली तरी लोक पेढे वाटतील."

आणि एके दिवशी खरंच बीडहून नगरला गाडी सुरू झाली. पेढे वाटले गेले. जुने आंदोलक म्हणून शिवलिंगप्पांचा सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल खांद्यावर तशीच ठेवून ते घरी आले आणि शिवकांताला म्हणाले, "उद्या चल."

तिनं गुडघ्याला पट्टा चढवला, धपाटे बांधून घेतले. जलालुद्दीननं जीप काढली. "वैनी, माझं गिऱ्हाईक पळवणाऱ्या गाडीला मीच गिऱ्हाईक पोचवायलो. असा येडा जिल्ह्यात दुसरा घावायचा न्हाई."

स्टेशनवर पाहतात तर जत्रा. फलाटावर पाऊल ठेवायला जागा नाही. इतक्या वर्षांचा शब्द, आणि खिडकी दुसऱ्यानंच पटकावली तर? शिवकांताला पायऱ्यांपाशी जलालुद्दीनच्या हवाली करून शिवलिंगप्पा गर्दीत घुसले आणि उभ्या आयुष्यात एसटी स्टँडवर जे केलं तेच केलं. एक खिडकी हेरली आणि गजांतून सत्काराची शाल आत सीटवर टाकली. खिडकीतून टाकलेल्या कापडाला आपल्याकडे खरेदीखताइतकी किंमत असते. निर्धास्त होऊन ते शिवकांताला आणायला वळले.

ती एकेक पायरी चढत होती. अर्ध्या फलाटापर्यंत दोघं आली असतील, तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. बीड जिल्ह्यात आजवर काहीच वेळेवर झालं नव्हतं. ती सुरुवात नेमकी त्या दिवशी झाली. डबे बऱ्यापैकी रिकामे होते. गर्दी जिथल्या तिथं उभी राहिली. ती फोटो काढायला आलेली होती.

"आप्पा," जलालुद्दीन हळूच म्हणाला, "तुझ्या आधी शालच गेली की रेल्वेनं."

दिवसाची एकच गाडी. जीप तशीच केजला परतली. धपाटे जलालुद्दीननं खाल्ले. रात्री जेवताना शिवलिंगप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "आपल्या नशिबातच न्हाई ते. मी न्हाई जायचो आता."

"रेल्वेचं ऱ्हाऊ द्या," शिवकांता म्हणाली. "शाल तर आणाया पायजे. चांगली लोकरीची हाय."

दुसऱ्या दिवशी शालीसाठी म्हणून दोघं पुन्हा निघाली. या वेळी इतक्या लवकर, की गाडी यायच्या आधी जलालुद्दीनची एक झोप झाली. नगरची गाडी आली, थांबली. एका खिडकीच्या गजांतून शालीचं टोक लोंबत होतं.

दोघं आत चढली. समोरच्या बाकावरून उतरायला उठलेल्या फेट्यातल्या बाबानं विचारलं, "तुमची का ही? काल जाताना बी इथंच होती, आज येताना बी. कुणी बसलंच न्हाई. म्हणलं, कुणीतरी जागा धरलेली दिसती."

शिवलिंगप्पांनी शाल उचलली, झटकली. शिवकांताला खिडकी दाखवली. "बस."

"तुमी बसा," शिवकांता म्हणाली.

"अगं, शब्द दिलाय मी."

"तो आमच्या दादाला दिलता. मला कुणी इचारलंतं? ल्हानपणी मी परळीला लई बार गेलते रेल्वेनं. खिडकीतच बसायचे."

शिवलिंगप्पांनी विचारलं, "मग लग्नानंतर कावून न्हाई गेलीस? माहेरी तर स्टेशन होतं."

"तुमी खाली अन् मी एकटी वर, ते कसं दिसलं असतं?" तिनं त्यांना खांद्याला धरून खिडकीशी बसवलं आणि त्यांना खेटून स्वतः बसली.

गाडीनं हिसका दिला. शिवलिंगप्पांनी तिचा हात गच्च धरला. बाहेर जलालुद्दीन आपल्या जीपजवळ उभा राहून टोपी हलवत होता. तो मागे गेला, मग भिंत गेली, मग बाभळी. शिवलिंगप्पा सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शोभणार नाही इतक्या मोठ्यानं ओरडले, "अगं, झाडं पळायलीत!"

शिवकांतानं ती झाडं लहानपणी किती वेळा पळताना पाहिली होती, याची मोजदाद नव्हती. तिनं त्यांच्या खांद्यावरून वाकून बाहेर पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "खरंच की."