शंभर पोती तूर आणि मी

मी एक वचनचिठ्ठी बोलतेय. अंगावर रसीद तिकीट, तिकिटावर आडवी सही. जन्मापासून माझा तोरा काही विचारू नका!

माझा जन्म १९६७ साली बसवकल्याणात, महादेवप्पा अडत्याच्या गादीवर झाला. समोरच्या टपरीत तात्याराव कपडे शिवायचे. पौर्णिमेपर्यंत तूर चढणार की उतरणार, यावरून दोघांची जुंपली. शेवटी अडतबाजारातल्या रीतीप्रमाणे रुमालाखाली बोटं दाबून शंभर पोत्यांचा सौदा झाला. भाव चढेल म्हणणारे तात्याराव हरले. एकही पोतं हललं नाही, पण भावातला फरक त्यांच्या डोक्यावर बसला. ते पैसे देण्याचं वचन महादेवप्पाने त्यांच्याकडून माझ्यावर लिहवून घेतलं, ‘तुरीच्या मालापोटी.’ धडधडीत खोटं! तरी मी मिरवतच होते.

पुढे दावा लागला. महादेवप्पा जिंकला असता तर तात्यारावांची टपरी विकावी लागणार होती. त्यांची बायको कोंडाबाई कोर्टाच्या पायरीवर डोळ्यांना पदर लावून बसलेली दिसली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

तात्यारावांचे वकील नरहरराव शांतपणे म्हणाले, “सौदा कसा झाला, जरा दाखवा.”

महादेवप्पा खुलला. त्याने खांद्यावरचा रुमाल वकिलांच्या हातावर टाकला आणि सवयीने बोटं दाबली. “ह्ये असं!”

“आणि माल कुठे उतरवलात?”

“माल कामून उतरवायचा? फरक द्यायचा न् घ्यायचा! ह्याच्या टपरीत दोन गिऱ्हाईकं मावत न्हाईत, शंभर पोती कुठं ठिवंल?”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसू आवरत म्हणाले, “माल देण्याघेण्याचा दोघांचाही विचार नव्हता, म्हणजे ही पैज. पैजेचा करार रद्दबातल, आणि त्यापोटी लिहिलेल्या चिठ्ठीवर वसुली होत नाही.”

दावा फेटाळला गेला. माझी किंमत गेली, पण खरं सांगते, मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

महादेवप्पा मनाचा मोकळा. मला तात्यारावांच्या हातात देत म्हणाला, “घे, हिचं काय लोणचं घालू?” कोंडाबाईने मला कात्रीने नीट कापलं. तेव्हापासून मी सदऱ्याच्या खिशाचं माप आहे. गावातले कितीतरी खिसे माझ्यावरून बेतलेत. आता कडा झिजल्या आहेत. मागणं एवढंच, की असल्या पैजांपायी ते खिसे रिकामे करू नका.

महादेवप्पा अजून सदरा शिवायला येतो. परवाच म्हणाला, “अक्का, शिलाई उधार ऱ्हाऊ दे. चिठ्ठी लिवून देतो.”

कोंडाबाई मला कापडावर ठेवून खडूने रेघ मारत होती. मान वर न करता म्हणाली, “लिवा की अप्पा. पण आधी रोख ठिवा.”